घेतले ते सांगितलं, विकले ते नाही: एन्रॉनमधली एक प्रश्नोत्तरं

एन्रॉन म्हटलं की आपल्याकडे पहिल्यांदा दाभोळचा वीजप्रकल्प आठवतो. वेलदूर-अंजनवेलचा किनारा, मोर्चे, 'अरबी समुद्रात बुडवू'ची घोषणा आणि परवडेनाशी झालेली वीज. हे प्रकरण त्याच कंपनीचं, पण घडलं टेक्सासमध्ये, ह्यूस्टनच्या मुख्यालयात. तारीख २६ सप्टेंबर २००१. त्या दिवशी कंपनीचे अध्यक्ष आणि मुख्य कार्यकारी अधिकारी केनेथ ले यांनी कर्मचाऱ्यांच्या प्रश्नांना संगणकावरून थेट उत्तरं दिली. तिसरी तिमाही उत्तम चालली आहे, ठरवलेले आकडे आपण गाठू, असं ते म्हणाले. सध्याच्या भावात एन्रॉनचा शेअर फारच स्वस्त मिळतो आहे, दोन-चार वर्षांनी मागे वळून पाहाल तेव्हा ही केवढी संधी होती ते कळेल, हेही सांगितलं. गेल्या दोन महिन्यांत मी स्वतः शेअर घेतले आहेत, अशी पुस्ती जोडली. शिवाय घरच्यांशी, मित्रांशी कंपनीबद्दल चांगलं बोला, शेअरबद्दल चांगलं बोला, असा आग्रह केला.

त्यानंतर ६७ दिवसांनी, २ डिसेंबरला, एन्रॉनने दिवाळखोरीचा अर्ज केला.

नेतृत्वाच्या बोलण्यात पटवणं कुठे संपतं आणि भुलवणं कुठे सुरू होतं, हे शिकवताना आपण सहसा हुकूमशहांची भाषणं किंवा चिट फंडाच्या जाहिराती घेतो. तिथे थाप एवढी ढोबळ असते की विचार करायला काही उरतच नाही. ले यांची ती प्रश्नोत्तरं मला जास्त उपयोगाची वाटतात. त्यांतली काही वाक्यं सुटी काढली तर ती खरी होती. 'मी शेअर घेतले' हे खरं होतं. 'मला वाटतं शेअर स्वस्त आहे' हे मत होतं, आणि मताला खोटं कसं म्हणायचं? तरीही त्या दिवशी कर्मचाऱ्यांशी जे झालं त्याला पटवणं म्हणता येत नाही. का म्हणता येत नाही, एवढंच इथे पाहायचं आहे.

बोलणारा आणि ऐकणारे

केनेथ ले यांचा जन्म १९४२चा, मिसूरी राज्यातल्या एका खेड्यातला. वडील बाप्टिस्ट धर्मोपदेशक. स्वतः अर्थशास्त्रातले डॉक्टरेट. १९८५मध्ये ह्यूस्टन नॅचरल गॅस आणि ओमाहाची इंटरनॉर्थ या दोन कंपन्या एकत्र आल्या, त्यातून एन्रॉन झाली आणि पुढच्याच वर्षी ले तिचे प्रमुख झाले. पाइपलाइनमधून गॅस वाहून नेणारी ही कंपनी पंधरा वर्षांत गॅस, वीज आणि पुढे जवळपास कशाच्याही सौद्यांची दलाल बनली. २०००च्या हिशेबात महसूल १०० अब्ज डॉलरच्या वर दाखवला गेला. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये शेअर ९० डॉलरला पोचला होता.

कर्मचारी सुमारे वीस हजार. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या निवृत्तीची पुंजी '४०१-के' नावाच्या योजनेत होती. कर्मचारी पगारातून जे भरी त्यावर कंपनी आपला वाटा घाली, आणि हा वाटा एन्रॉनच्याच शेअरच्या रूपात मिळे. तो वयाची पन्नाशी गाठेपर्यंत विकता येत नसे. स्वतःचे पैसे दुसरीकडे वळवायला मुभा होती, पण भाव चढत असताना कोण वळवणार? २००० साल संपलं तेव्हा योजनेतली साठ टक्क्यांच्या आसपास रक्कम एकाच कंपनीच्या शेअरमध्ये अडकलेली होती. पगार जिथून, म्हातारपणही तिथूनच.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. एन्रॉनमध्ये दर सहामाहीला सगळ्यांची क्रमवारी लागे आणि तळाच्या पंधराएक टक्क्यांच्या नोकरीवर टांगती तलवार असे. अशा ठिकाणी मोठ्या साहेबांनी सहज केलेली सूचना कितपत सूचना राहते, हे ज्याने नोकरी केली आहे त्याला सांगायला नको.

ऑगस्ट

१४ ऑगस्ट २००१ला जेफ्री स्किलिंग यांनी मुख्य कार्यकारी पदाचा राजीनामा दिला. पदावर येऊन सहाच महिने झाले होते आणि कारण दिलं 'वैयक्तिक'. ले पुन्हा त्या खुर्चीत बसले. त्याच दिवशी त्यांनी सगळ्या कर्मचाऱ्यांना पत्र पाठवलं: कंपनीच्या भवितव्याबद्दल मला इतका भरवसा कधीच वाटला नव्हता, आपली कामगिरी याहून दमदार कधी नव्हती, वाढ याहून निश्चित कधी नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या टेबलावर एक निनावी पत्र आलं. लिहिणाऱ्या होत्या शेरॉन वॉटकिन्स, कंपनीतल्याच उपाध्यक्ष, मूळच्या हिशेबनीस. हिशेबांच्या घोटाळ्यांच्या लाटेत आपण आतल्या आत कोसळू अशी भीती वाटते, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं होतं. २२ ऑगस्टला त्या नाव उघड करून ले यांना भेटल्या. बरोबर सविस्तर टिपणं होती. 'रॅप्टर' या नावाच्या कागदी कंपन्या काय करतात ते त्यांत होतं: एन्रॉनच्या गुंतवणुकीतला तोटा झाकायला या कंपन्या वापरल्या जात होत्या, आणि त्या कंपन्यांची ताकद होती एन्रॉनचाच शेअर. शेअर पडला की झाकणही जाणार आणि आतला तोटाही उघडा पडणार.

वॉटकिन्स यांच्या या टिपणांकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो, कारण याच प्रकरणात पटवण्याचा चांगला नमुना कुठे असेल तर तो इथे आहे. त्याही काही निव्वळ माहिती देत नव्हत्या. एका ताकदवान माणसाचं मन वळवायला आल्या होत्या आणि भीतीचा वापरही करत होत्या. पण भीती कशाची, ती कुठल्या आकड्यांवर उभी आहे, हे सगळं समोर ठेवलेलं होतं. त्यांनी पर्याय मांडले: ही गोष्ट बाहेर येण्याची शक्यता कमी असेल तर काय करता येईल, जास्त असेल तर काय करावं लागेल. (पहिला पर्याय होता गुपचूप निस्तरण्याचा, तेव्हा त्यांना सत्यवचनी हरिश्चंद्र करायचं कारण नाही. पुढे खटल्यात त्यांनीच सांगितलं की त्या काळात आपण स्वतःचे हजारो डॉलरचे शेअर विकले होते.) ऐकणाऱ्याला पडताळून पाहता येईल असं सगळं त्यांनी हातात दिलं. कोणाला विचारा, तेही सांगितलं. टिपणं वाचून ले 'तुमचं चुकतंय' असं म्हणू शकत होते आणि का चुकतंय ते दाखवूही शकत होते. नकार द्यायची वाट उघडी होती.

ले यांनी कंपनीच्याच नेहमीच्या कायदे सल्लागार संस्थेकडे चौकशी सोपवली. हिशेबाची पद्धत बरोबर की चूक, यात शिरायचं नाही अशी चौकट आधीच आखून दिली होती. ऑक्टोबरच्या मध्याला अहवाल आला की मोठ्या चौकशीची गरज नाही. २६ सप्टेंबरला ही चौकशी चालूच होती. कर्मचाऱ्यांना तिच्याबद्दल एक अक्षर सांगितलं गेलं नाही.

घेतलेले आणि विकलेले

आता त्या 'मी शेअर घेतले' या वाक्याकडे येऊ. घेतले होते, सुमारे ४० लाख डॉलरचे. ऑगस्टमधल्या खरेदीत जुन्या ऑप्शनचे, म्हणजे आधी ठरलेल्या भावाला घ्यायच्या हक्काचे, शेअरही होते. बाजारात भाव ३६ डॉलरच्या आसपास असताना ते त्यांना २१ डॉलरच्या आसपास पडले. तेही सोडून देऊ. अमेरिकी शेअर बाजाराच्या नियामकाने पुढे जे आरोपपत्र ठेवलं त्यात दुसरी बाजू आली: याच दोन महिन्यांत ले यांनी सुमारे २ कोटी ४० लाख डॉलरचे शेअर विकले होते. २००१ या पूर्ण वर्षात विक्रीचा आकडा ७ कोटी डॉलरच्या वर जातो.

हे कोणाला दिसलं कसं नाही? कारण विकत घेणारी कंपनीच होती. ले यांना एन्रॉनकडून लाखो डॉलरपर्यंत विनातारण उचल घ्यायची सोय होती. ते उचल घेत, आणि ती रोखीऐवजी शेअर देऊन फेडत. पुन्हा उचल, पुन्हा शेअर. बाजारात केलेली विक्री पुढच्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत जाहीर करावी लागे. कंपनीलाच परत दिलेले शेअर मात्र वर्ष संपल्यावर, फेब्रुवारीत, एका विवरणपत्रात दाखवले तरी चालत. खरेदी पुढच्याच महिन्यात दिसत होती, विक्री पुढच्या वर्षी दिसणार होती. नियम पाळूनच.

ले यांचा बचाव ऐकण्यासारखा आहे. एन्रॉनचे शेअर तारण ठेवून त्यांनी बँकांकडून दहा कोटी डॉलरच्या घरात कर्ज काढलं होतं आणि ते पैसे इतरत्र गुंतवले होते. शेअर पडायला लागला तसं तारण अपुरं पडलं, बँका पैसे मागू लागल्या. मी विकले ते भरवसा उडाला म्हणून नव्हे, नाइलाजाने विकले, असं त्यांचं म्हणणं. मी हे खरं धरून चालतो. खरं धरलं तर त्यांची बाजू आणखी अवघड होते. एकाच कंपनीच्या शेअरवर सगळा डोलारा उभा केला की भाव पडताना काय होतं, हे त्या इमारतीत ले यांच्याइतकं कोणाला कळत नव्हतं. ते स्वतः रोज त्यातून जात होते. आणि ज्यांची पुंजी आधीच एकाच शेअरमध्ये अडकलेली आहे अशा माणसांना ते सांगत होते, अजून घ्या.

इथे माझ्या मते रेषा ओलांडली गेली. बोलणारा स्वतःचा निर्णय ज्या माहितीवर घेतो, तीच माहिती ऐकणाऱ्याच्या निर्णयातून काढून घेतो. ओळ खरी की खोटी ही पडताळणी अपुरी ठरते, कारण खऱ्या ओळी निवडून दिशाभूल करता येते. जास्त उपयोगाची पडताळणी साधी आहे: बोललेल्या वाक्याशेजारी गाळलेलं वाक्य ठेवून पाहायचं. 'मी ४० लाखांचे घेतले.' 'मी ४० लाखांचे घेतले आणि २ कोटी ४० लाखांचे दिले, कारण बँका मागे लागल्या आहेत.' दुसरं वाक्य ऐकून ह्यूस्टनच्या एखाद्या तंत्रज्ञाने आपले बचतीचे पैसे शेअरमध्ये घातले असते का? काहींनी घातलेही असते. पण तो मग त्यांचा निर्णय झाला असता.

घरच्यांना सांगा

खरेदी-विक्रीचा भाग एवढा ठळक आहे की त्या दिवशीच्या दुसऱ्या एका विनंतीकडे दुर्लक्ष होतं. घरच्यांशी आणि मित्रांशी चांगलं बोला. वरवर ही कुठल्याही साहेबाची नेहमीची ओळ. कंपनीचा अभिमान बाळगा, एवढाच तिचा अर्थ घेता येतो.

पण काय होतं ते पाहा. कर्मचाऱ्याचा मेहुणा एन्रॉनच्या अध्यक्षांवर विश्वास ठेवायला बांधील नाही. तो विश्वास ठेवतो या कर्मचाऱ्यावर. 'हा आत काम करतो, याला माहीत असणार.' म्हणजे ले यांनी कर्मचाऱ्याचे पैसे मागितले तेवढ्यावर भागलं नाही. घरात, शेजारात, चर्चमध्ये त्याची जी पत होती तीही वापरायला काढली, आणि वापरली जाते आहे हे त्याला कळू दिलं नाही. पैसे बुडाले तर माणूस पुन्हा उभा राहू शकतो. 'तू सांगितलंस म्हणून घेतले' हे सासऱ्याचं वाक्य दर सणाला ऐकावं लागतं.

पटवणारा ऐकणाऱ्याला काहीतरी ठरवायला लावतो. इथे ऐकणारा दुसऱ्यांपर्यंत पोचायचं साधन झाला. नेतृत्वाच्या प्रशिक्षणात 'आपल्या माणसांना कंपनीचे दूत बनवा' असं हौसेने शिकवतात. दूताला निरोप कशाचा आहे ते माहीत असावं लागतं, हे त्या तासाला कोणी सांगत नाही.

धीर द्यायचा नाही का?

ले यांच्या बाजूने जो युक्तिवाद होतो तो हलका नाही. एन्रॉनचा धंदा बाजारातल्या पत-प्रतिष्ठेवर चालत होता. समोरचा सौदा करतो कारण उद्या एन्रॉन पैसे देईल याची त्याला खात्री असते. पत-मानांकन घसरलं की घेणेकरी तारण मागणार, काही कर्जं ताबडतोब फेडावी लागणार, आणि मग सुदृढ कंपनीही बुडू शकते. पुढे झालंही तसंच: २८ नोव्हेंबरला मानांकन कचऱ्याच्या पातळीवर गेलं, डायनेजी कंपनीशी ठरलेलं विलीनीकरण मोडलं आणि चार दिवसांत सगळं संपलं. बँकेबाहेर रांग लागलेली असताना व्यवस्थापकाने गच्चीवर उभं राहून तिजोरीचा हिशेब वाचायचा का? शिवाय ११ सप्टेंबरच्या हल्ल्याला पंधरवडाच झाला होता. देश हादरलेला, बाजार हादरलेला. प्रमुखाने धीर द्यायचा नाही तर कोणी द्यायचा?

धीर जरूर द्यावा. भावनेला हात घातला म्हणजे भुलवलं, असं म्हणणारे लोक मला पटत नाहीत; निव्वळ आकडे वाचून दाखवणाऱ्याच्या मागे आजवर कोणी गेलेलं नाही. पण धीर कामाबद्दल देता येतो. 'पाइपलाइन चालू आहेत, गॅस वाहतो आहे, तुमचं काम मोलाचं आहे, मी कुठे जात नाही' हे ले म्हणू शकत होते आणि त्यातला बहुतेक भाग खरा होता. त्यांनी धीराला गुंतवणुकीचा सल्ला जोडला. तो जोडणं अपरिहार्य नव्हतं. शेअरबद्दल कोणी विचारलं असतं तर 'तिमाहीचे आकडे जाहीर होईपर्यंत मी भावावर बोलणार नाही, आणि कोणीही आपली सगळी पुंजी एका जागी ठेवू नये' हे उत्तर हाताशी होतं. कायद्याच्या दृष्टीनेही तेच सोयीचं होतं, कारण बाजाराला न सांगितलेली महत्त्वाची माहिती निवडक लोकांना देण्यावर अमेरिकेत आदल्या वर्षीच बंधन आलं होतं. अर्थात अध्यक्षच गप्प बसले म्हटल्यावर शेअर थोडा पडला असता. पडू द्यायला हवा होता.

मोठ्या पदावरच्या लोकांना नेहमी दोनच वाटा दिसतात: सगळं सांगून घबराट माजवा, नाहीतर गोड बोला. 'यावर मी आत्ता बोलणार नाही' ही तिसरी वाट त्यांना कमीपणाची वाटते.

आणि 'माझा मनापासून विश्वास होता' याचं काय? ले शेवटपर्यंत हेच म्हणत राहिले. बेइमान वित्तप्रमुख, भाव पाडणारे सटोडिये आणि वर्तमानपत्रं यांनी कंपनी बुडवली, असं त्यांनी न्यायालयात सांगितलं. त्यांचा विश्वास होताही असेल. कंपनीत स्वतःच्याच खोट्यावर विश्वास ठेवायची सवय जुनी होती. १९९८मध्ये शेअर विश्लेषक भेटीला आले तेव्हा त्यांना दाखवण्यासाठी एक अख्खी सौद्यांची खोली सजवली होती. धंदा नीट सुरू व्हायच्या आधीच कर्मचाऱ्यांना संगणकांपुढे बसवून फोनवर बोलत असल्याचं नाटक करायला लावलं होतं. १९९९मध्ये वित्तप्रमुख अँड्र्यू फास्टो यांना स्वतःच्याच कंपन्यांमार्फत एन्रॉनशी व्यवहार करता यावेत म्हणून संचालक मंडळाने आचारसंहितेला अपवाद केला. आणि जुलै २०००मध्ये तीच आचारसंहिता ६४ पानांच्या पुस्तिकेत, ले यांच्या प्रस्तावनेसह, सगळ्यांना वाटली. कंपनीची चार मूल्यं त्यात होती: आदर, सचोटी, संवाद, उत्कृष्टता. विश्वास प्रामाणिक असला म्हणून लपवलेली माहिती उघड होत नाही. उलट ज्याचा विश्वास खरा आहे त्याला माहिती दाखवायला भीती का वाटावी?

थोडं दाभोळकडे

मराठी वाचकाला यात नवं काही वाटणार नाही. जानेवारी १९९५मध्ये एन्रॉनच्या एका अधिकारी बाईंनी अमेरिकी संसदेच्या उपसमितीपुढे सांगितलं होतं की दाभोळसाठी लोकशिक्षण आणि प्रकल्पाची जुळवाजुळव यांवरच कंपनीने सुमारे २ कोटी डॉलर खर्च केले. महाराष्ट्रात गदारोळ झाला. कोणाला शिकवलं, काय शिकवलं? लाचेचे आरोप झाले, कंपनीने ते फेटाळले, सिद्ध काही झालं नाही. मला लाचेपेक्षा त्या 'शिक्षणा'त काय गाळलं गेलं हे महत्त्वाचं वाटतं. वीज मंडळाशी झालेला करार दीर्घकाळ लोकांपुढे आलाच नाही. वीज घेतली नाही तरी क्षमतेचे पैसे द्यावे लागणार, दर डॉलरशी बांधलेला, ही कलमं बिल भरणाऱ्याला नंतर समजली. वीज महाग पडेल म्हणून जागतिक बँकेने १९९३मध्ये कर्जाला नकार दिला होता. प्रकल्प विकणाऱ्यांनी शिकवलं ते विकासाबद्दल. कलमांबद्दल शिकवायला अभ्यासक आणि कार्यकर्ते लागले. मे १९९९मध्ये पहिला टप्पा सुरू झाला, मे २००१मध्ये मंडळाने वीज घेणं थांबवलं.

२००१च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ले हे प्रकरणही हाताळत होते. गुंतवणूक परत मिळाली नाही तर भारताला अमेरिकेची मदत थांबवता येईल असे कायदे आहेत, असं त्यांनी ऑगस्टमध्ये एका मुलाखतीत सुचवलं. सप्टेंबरमध्ये पंतप्रधान वाजपेयींना पत्र लिहून अब्जावधी डॉलरची भरपाई मागितली. ही उघड दांडगाई होती. पण नैतिकतेच्या मापाने मी ती दांडगाई त्या गोड प्रश्नोत्तरांपेक्षा वरच्या पायरीवर ठेवीन. धमकी देणारा काय मागतो आहे ते निदान कळतं. वाजपेयी सरकारला 'नाही' म्हणता आलं, कारण मागणी कागदावर होती. ह्यूस्टनच्या कर्मचाऱ्याला आपल्याकडून काय घेतलं जातं आहे तेच कळलं नाही.

ऑक्टोबर आणि पुढे

१६ ऑक्टोबरला तिमाहीचे आकडे आले: ६१ कोटी ८० लाख डॉलर तोटा. भागधारकांच्या मूल्यातून १.२ अब्ज डॉलर कमी झाल्याची गोष्ट प्रसिद्धिपत्रकात नव्हतीच. विश्लेषकांशी फोनवर बोलताना ती येऊन गेली. २२ तारखेला नियामकाची चौकशी जाहीर झाली. २३ तारखेला ले यांनी पुन्हा सगळ्या कर्मचाऱ्यांची सभा घेतली. लेखी प्रश्नांच्या गठ्ठ्यातून एक चिठ्ठी निघाली आणि ती त्यांनीच वाचली: तुम्ही नशा करता का? करत असाल तर बऱ्याच गोष्टींचा उलगडा होईल. करत नसाल तर सुरू करा, कारण तुमच्यावर पुन्हा विश्वास बसायला फार काळ जाणार आहे. ही चिठ्ठी लिहिणाऱ्याला गेल्या महिन्यातल्या प्रश्नोत्तरांचा अर्थ लागला होता. त्याच सभेत ले यांनी फास्टो यांच्या सचोटीची ग्वाही दिली. दुसऱ्या दिवशी फास्टो यांना पदावरून हटवलं.

त्याच सुमारास निवृत्ती योजनेचं काम पाहणारी संस्था बदलली जात होती, म्हणून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत कर्मचाऱ्यांना आपल्या खात्यातला एकही शेअर हलवता आला नाही. भाव रोज घसरत होता. डिसेंबरच्या सुरुवातीला ह्यूस्टनमधल्या सुमारे चार हजार जणांना घरी पाठवलं. त्याच्या थोडं आधी निवडक पाचशे जणांना थांबवून ठेवण्यासाठी साडेपाच कोटी डॉलर बोनस वाटला गेला होता.

२५ मे २००६ला ज्युरीने ले यांना सहाही आरोपांवर दोषी ठरवलं. २६ सप्टेंबरला कर्मचाऱ्यांपुढे केलेली विधानं हा त्यांतला एक स्वतंत्र आरोप होता. शिक्षा सुनावण्याआधीच, ५ जुलैला, ले हृदयविकाराने गेले. अपील करायची संधी मिळण्याआधी आरोपी मरण पावला तर निकाल रद्द होतो, या तिथल्या नियमानुसार ऑक्टोबरमध्ये न्यायाधीश सिम लेक यांनी दोषसिद्धी पुसून टाकली. कायद्याच्या कागदावर केनेथ ले दोषी नाहीत.

त्यांनी वापरलेल्या वाटा मात्र बंद झाल्या. २००२च्या सार्बेन्स-ऑक्सली कायद्याने वरिष्ठांना कंपनीकडून वैयक्तिक कर्ज घ्यायला मनाई केली. शेअरचा व्यवहार, कंपनीशी केलेला असला तरी, दोन दिवसांत जाहीर करणं आलं. कर्मचाऱ्यांची खाती गोठलेली असतील तेव्हा साहेबांनाही आपले शेअर विकता येत नाहीत. २००६च्या निवृत्तिवेतन कायद्याने कंपनीच्या शेअरमध्ये अडकलेली पुंजी दुसरीकडे वळवायचा हक्क दिला. आपल्याकडे सेबीच्या २०१५च्या नियमांनुसार सूचिबद्ध कंपनीच्या प्रवर्तकाने किंवा संचालकाने तिमाहीत दहा लाखांवर व्यवहार केला तर तो दोन दिवसांत जाहीर व्हावा लागतो.

सूचिबद्ध नसलेल्या कंपन्यांना मात्र ही घाई नाही. पुण्या-बंगळूरच्या नव्या कंपन्यांत पगाराचा काही भाग शेअरच्या आश्वासनात मिळतो आणि दर तिमाहीला संस्थापक टाउनहॉलमध्ये, म्हणजे सगळ्या कर्मचाऱ्यांच्या सभेत, 'आपण कुठे पोचणार आहोत' ते सांगतात. नवा गुंतवणूकदार आला की अनेकदा संस्थापक स्वतःचे थोडे शेअर त्याला विकतात. त्यात गैर काही नाही. घर घ्यायचं असतं, कर्ज फेडायचं असतं. पण टाउनहॉलमध्ये ते सहसा सांगितलं जात नाही. ते कळतं कंपनी निबंधकाकडे वर्षातून एकदा भरल्या जाणाऱ्या विवरणपत्रातून. थोडी फी भरली की ते कोणालाही पाहता येतं, आणि ऑप्शनसाठी पैसे भरायच्या आधी पाहिलेलं बरं.